गुरं मोजली, गवत कोण मोजणार?

माझ्या लहानपणी कुणाकडे किती जनावरं हे साऱ्या गावाला तोंडपाठ असे. गायरानात गवत किती उरलंय, हे मात्र कुणी विचारत नसे. हा प्रश्न अमेरिकेतल्या उटा राज्यातल्या मँटी या गावाला फार महागात पडला होता. त्याची हकिकत आज सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मँटीलगतच्या पठारावर मेंढ्यांचे इतके कळप चरत, की खालचे लोक म्हणे धुळीच्या लोटांवरून कळप मोजत. गवत संपलं, माती उघडी पडली. मग उन्हाळी पावसाच्या सरींबरोबर चिखलाचे लोंढे गावात शिरू लागले. गावाचं पोट मेंढ्यांवर, तरीही डोंगर राखा अशी मागणी गावकऱ्यांनीच केली. १९०३ साली तिथे राखीव वन झालं.

पण चराई किती होऊ द्यायची? १९१२ मध्ये शेजारच्या एफ्राइम खोऱ्यात संशोधन केंद्र निघालं. त्याचे पहिले संचालक आर्थर सॅम्पसन. जमिनीवर ठरावीक मापाचे चौकोन आखून त्यातल्या वनस्पतींची ते वर्षानुवर्षं नोंद ठेवत. शितावरून भाताची परीक्षा, तशी चौकोनावरून कुरणाची.

खाल्लेलं गवत मोजायची रीतही साधी आहे. कुरणात जागोजागी जाळीचे पिंजरे ठेवायचे. काही दिवसांनी पिंजऱ्यातलं आणि बाहेरचं तेवढ्याच जागेतलं गवत कापायचं, वाळवायचं, तोलायचं. जी तूट येईल ती गुरांच्या पोटात आणि पायाखाली गेलेली. साडेचारशे किलोची गाय दिवसाला सुमारे १२ किलो वाळला चारा खाते; पाच मेंढ्या म्हणजे एक गाय, असा तिकडचा हिशोब.

१९५५ साली फ्रँकलिन क्रायडर यांनी दाखवलं, की गवताचा ८० टक्के पाला एकदम छाटला तर मुळांची वाढ बारा दिवस पार थांबते. निम्म्यापर्यंत छाटला तर ती फारशी अडत नाही. म्हणून नियम असा, की अर्धं गवत राखायचं. उरलेल्या अर्ध्यातलंही बरंचसं तुडवलं जातं, किडे खातात. जनावराच्या वाट्याला साधारण चौथा हिस्सा धरतात. हेक्टरी हजार किलो गवत असेल, तर ते एका गाईला जेमतेम वीस दिवस पुरेल.

आमच्या गायरानात दिवाळीनंतर खडक दिसू लागत. पाऊस कमी झाला, असं वडीलधारी म्हणत. आता वाटतं, तेव्हा चार पिंजरे ठेवले असते, तर दोष पावसाचा की आमचा, ते तरी कळलं असतं.