आधी पान उघडू दे

चपला दाराबाहेर काढा. कॉम्प्युटर लॅबमध्ये धूळ आलेली चालत नाही, असं दारावरच लिहिलंय. आत एसीचा गारवा आहे, मशीनवर प्लास्टिकची आवरणं आहेत आणि यूपीएस मधूनमधून टूं टूं करतोय. साल २००१, तारीख ११ सप्टेंबर, वार मंगळवार. गाव पुणं. गणपती जाऊन दहा दिवस झालेत, पितृपंधरवडा चालू आहे. तुम्ही पत्रकारितेच्या पदविकेला आहात आणि यंदा वेळापत्रकात नवा विषय आलाय : वेब डिझाइन आणि ऑनलाइन पत्रकारिता.

एका मशीनवर दोघं बसायचं. इंटरनेट फक्त मॅडमच्या मशीनला, तेही डायल-अप. मोडेम किरकिरतो, शिट्टी मारतो, मग जोडला जातो. तेवढ्यात ऑफिसातून कोणी फोन उचलला, तर लाइन तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मॅडम म्हणतात, “ड्रीमवीव्हर, फ्रंटपेज सगळं पुढच्या महिन्यात. आज नोटपॅड.” म्हणजे पान हाताने बांधायचं. टेबल उघडायचं, त्यात टीआर म्हणजे आडवी ओळ, ओळीत टीडी म्हणजे एकेक खण. वर साइटचं नाव, डावीकडे विभागांची यादी, मध्ये बातमी. खण आक्रसू नये म्हणून एक पिक्सेल लांबी-रुंदीचं पारदर्शक जिफ चित्र ठेवायचं आणि ते हवं तेवढं ताणायचं. वाचकाला ते दिसत नाही, पण अख्खं पान त्याच्या आधारावर उभं असतं. एखादी युक्ती कळली नाही, तर दुसऱ्या साइटवर जाऊन ‘व्ह्यू सोर्स’ बघायचं. शिकायला पुस्तकापेक्षा ते बरं पडतं.

तुमचं पान तयार झालं. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये छान दिसतंय. मॅडम येतात, तीच फाइल नेटस्केपमध्ये उघडतात आणि पडदा पांढरा फटक. बातमी नाही, यादी नाही, काहीच नाही. शेवटचं टेबल बंद करायचं राहून गेलंय. एक्स्प्लोररने ते सांभाळून घेतलं, नेटस्केप घेत नाही. एका विसरलेल्या टॅगपायी दोन दिवस खपून आणलेली बातमी त्या वाचकापुरती छापलीच गेलेली नाही. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. आज संध्याकाळी ती उपयोगी पडणार आहे.

मग फोटोचं वजन. तुम्ही मंडईचा स्कॅन केलेला फोटो लावलाय, ८० केबीचा. मोडेमवर ५६ के लिहिलेलं असलं, तरी आपल्या फोनलाइनवर सेकंदाला चार केबी उतरले तर नशीब. म्हणजे नुसत्या फोटोला २० सेकंद. सायबर कॅफेत मिनिटं मोजत बसलेला वाचक एवढा वेळ थांबेल का? तुम्ही फोटोची रुंदी निम्मी करता, जेपेगची प्रत थोडी उतरवता. २० केबी. मंडई तीच, भाजीवाल्या मावशी त्याच, वेळ पाच सेकंद.

लिहिण्याचंही तेच. जेकब निल्सन यांनी १९९७ मध्ये केलेली पाहणी मॅडम फळ्यावर मांडतात : वेबवर १०० पैकी ७९ जण मजकुरावरून नुसती नजर फिरवतात, शब्दन् शब्द वाचणारे १६. म्हणून मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात. परिच्छेद छोटे, मध्ये उपशीर्षकं. लिंक द्यायची ती ‘येथे क्लिक करा’ अशी आंधळी नको; पुढे काय मिळणार ते त्या शब्दांतच कळलं पाहिजे. आणि अहवालावर बातमी केली असेल, तर मूळ अहवाल जोडायचा. वर्तमानपत्र वाचकाला म्हणतं, आमच्यावर विश्वास ठेव. वेबपानाला म्हणता येतं, हे घे, तूच तपासून बघ.

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतं, “मॅडम, पण यात नोकऱ्या आहेत का?” प्रश्न रास्त आहे. डॉटकॉमचा फुगा फुटलाय, कालपर्यंत पानभर जाहिराती देणारी पोर्टलं बंद पडताहेत. मॅडम नोकरीची हमी देत नाहीत. त्या याच वर्षीच्या मार्चची आठवण करून देतात. ‘तहलका डॉट कॉम’ नावाच्या वर्षभराच्या साइटने संरक्षण खरेदीतली लाचखोरी छुप्या कॅमेऱ्याने उघड केली आणि भाजपचे अध्यक्ष बंगारू लक्ष्मण यांच्यापाठोपाठ संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनाही पायउतार व्हावं लागलं. छापखाना नसलेल्या पत्रकारांनी हे केलं. माध्यम गंभीर आहे, म्हणून ते गांभीर्याने शिकायचं.

आता सगळ्यात अवघड भाग : मराठी. तुम्ही ‘किरण’ टाइप करता आणि पडद्यावर ‘किरण’च दिसतं, पण फाइलच्या पोटात मराठी नाहीच. फाँटने इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपली वळणं बसवलीत. पहिली वेलांटी दिसते आधी म्हणून टाइपही आधी करायची, मग ‘क’. वाचकाकडे तोच फाँट नसेल, तर त्याला इंग्रजी अक्षरं, कंस आणि पौंडाची चिन्हं यांचा काला दिसतो. प्रत्येक वर्तमानपत्राचा फाँट वेगळा. त्यावर तोड म्हणून ‘डायनॅमिक फाँट’ निघालेत, पानाबरोबर आपोआप उतरणारे; पण एक्स्प्लोररसाठी त्यांची फाइल एका जातीची, नेटस्केपसाठी दुसऱ्या. शिवाय शोधयंत्राला यातलं काही वाचता येत नाही. मॅडम सांगतात की देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी युनिकोड नावाची पद्धत आहे, विंडोज २००० ला ती कळते. लॅबमधल्या मशीनवर विंडोज ९८ आहे.

सहा वाजून गेलेत. बहुतेक जण घरी गेले, तुम्ही पान नीट करत थांबलाय. साडेसहानंतर लॅब असिस्टंट धावत येतात : “अहो, न्यूयॉर्कमध्ये इमारतीत विमान घुसलंय. दुसरंही घुसलं म्हणतात!” चौकातल्या दुकानात टीव्हीपुढे गर्दी लोटलीय. मॅडम सीएनएनची साइट उघडायला घेतात. पान येत नाही. पुन्हा प्रयत्न. येत नाही. जगातला प्रत्येक जण याच क्षणी त्याच दारावर थाप मारतोय.

बऱ्याच वेळाने पान उघडतं आणि तुम्ही बघत राहता. नेहमीचे रंग नाहीत, जाहिराती नाहीत, विभागांची लांबलचक यादी नाही. नाव, एखादं चित्र, मोजक्या ओळी. साइट वाचवण्यासाठी त्यांनी पानावरचं सगळं उतरवून टाकलंय. गूगलवर तर सूचना लागलीय की ताज्या माहितीसाठी टीव्ही आणि रेडिओकडे वळा. बातम्यांच्या साइट उघडेनात म्हणून त्यांच्या पानांच्या साठवलेल्या प्रती तिथे दिल्यात. दुपारी पाच सेकंदांसाठी केलेला तो खटाटोप आता साऱ्या जगातले संपादक करताहेत.

मॅडम खुर्ची ओढतात. “चला, आपलंही पान करू. फोटो नको. तीन परिच्छेद.” तुम्ही लिहिता. वर वेळ टाकता : सायंकाळी ७.४५, भारतीय वेळ. पहिलं विमान सव्वासहाच्या सुमारास, दुसरं त्यानंतर अवघ्या १७ मिनिटांनी. साडेसातला दक्षिणेकडचा मनोरा कोसळला. मृतांचा आकडा? दुकानातल्या गर्दीत प्रत्येकाच्या तोंडी वेगळा आहे. “आकडा कोणी दिला ते सांगता येतंय का?” मॅडम विचारतात. येत नाही. मग आकडा नाही. पान जिओसिटीजवरच्या वर्गाच्या मोफत जागेत चढतं. आठ वाजता उत्तरेकडचा मनोराही पडतो. तुम्ही आधीच्या ओळी खोडायला जाता, तर मॅडम हात धरतात : “नवी ओळ वर घाल, वेळ लिही. आधीची राहू दे. आपल्याला केव्हा काय माहीत होतं, ते वाचकाला दिसलं पाहिजे.”

आता त्या खुर्चीतून उठा आणि पुढे चला. दीड महिन्याने, २४ ऑक्टोबर २००१ ला, जुनी वेबपानं जपणारं ‘वेबॅक मशीन’ सगळ्यांसाठी खुलं होतं. २००२ मध्ये गूगल न्यूज येतं. ११ सप्टेंबरला एकाच घटनेची बातमी दहा ठिकाणी शोधताना झालेल्या ओढाताणीतूनच कृष्ण भरत या अभियंत्याला ते सुचलं. ऑक्टोबर २००९ मध्ये याहू जिओसिटीज बंद करून टाकते. समजा, तुमचं पान बंद होण्याआधी कोणीतरी साठवून ठेवलंय. उघडा. टेबल अजून उभं आहे, आजचा ब्राउझर ते निमूट वाचतो. मजकूर मात्र कंस आणि पौंडाची चिन्हं झालाय, कारण तो फाँट नाही आणि ती डायनॅमिक फाइल आता कुठलाच ब्राउझर घेत नाही. कळतात फक्त आकडे : ७.४५. इंग्रजीतली त्या रात्रीची साधी पानं आजही जशीच्या तशी वाचता येतात. तुमची बातमी त्यांच्याइतकीच खरी होती आणि तितक्याच काळजीने लिहिली होती.

म्हणून वेब डिझाइन आणि पत्रकारिता हे दोन विषय एकाच अभ्यासक्रमात असणं मला फार मोलाचं वाटतं. बातमी पोचली का आणि टिकली का, हे वार्ताहराच्या वहीत ठरत नाही, ते पानाच्या बांधणीत ठरतं. आज युनिकोड प्रत्येक फोनमध्ये आहे आणि मराठी शोधता येतं. पण बातम्यांची पानं पुन्हा जडावलीत. वर जाहिरात, खाली व्हिडिओ, मध्ये वाट अडवणारी खिडकी, आणि एसटीत बसून स्वस्तातल्या फोनवर वाचणाऱ्या माणसाला बातमीची पहिली ओळ दिसेपर्यंत स्टँड येतो. जुनी बातमी दुरुस्त होते, पण केव्हा आणि का, ते लिहिलेलं नसतं. पत्रकारिता शिकवणाऱ्या प्रत्येक विभागाने विद्यार्थ्याचे गुण बातमी आणि पान मिळून द्यावेत. आणि शिकणाऱ्यांनो, पहिलं पान हातानेच बांधा. त्याचं वजन मोजा, वेळ लिहा, मूळ कागद जोडा, आणि ते आपल्या सगळ्यात जुन्या फोनवर, सगळ्यात कमी रेंजमध्ये उघडून बघा. तिथे उघडलं, की मगच म्हणा, बातमी दिली.