हायब्रिड कौटुंबिक मोटारींतील लिथियम बॅटरी : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

नवे साधन आले आणि जुने लोप पावले, अशी सरळ मांडणी तंत्रज्ञानाच्या इतिहासात बहुधा केली जाते. हायब्रिड मोटारींतील बॅटरीचा इतिहास या मांडणीस छेद देतो. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तरीही डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या टोयोटा प्रियसमध्ये निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीच होती. या विलंबाची कारणमीमांसा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विलंबाची कारणे

लिथियम-आयन घटाचा पाया स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ व अकिरा योशिनो यांनी १९७० व १९८० च्या दशकांत घातला. त्याबद्दल २०१९ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा घट वजनाने हलका असून अधिक ऊर्जा साठवितो. परंतु हायब्रिड मोटारीस मोठ्या ऊर्जासाठ्याची गरज नव्हती. ब्रेक लावताना निर्माण होणारी वीज त्वरित साठविणे, वेग घेताना ती परत देणे आणि हे चक्र वर्षानुवर्षे चालू ठेवणे, हे तिच्या बॅटरीचे कार्य. निकेल घट ते समर्थपणे करीत होता. शिवाय त्यातील द्रव पाण्यावर आधारित असतो. लिथियम घटातील सेंद्रिय द्रावक मात्र ज्वलनशील असल्याने घटांचा विद्युतदाब व तापमान यांवर सतत देखरेख ठेवावी लागते. आग लागण्याच्या धोक्यामुळे २००६ मध्ये डेल कंपनीने लॅपटॉपमधील सोनीनिर्मित सुमारे ४१ लाख लिथियम बॅटऱ्या परत मागविल्या. ज्या वाहनातून सारे कुटुंब प्रवास करते, त्याच्या निर्मात्यास ही जोखीम दुर्लक्षिता येणे शक्य नव्हते.

स्थित्यंतर

२००९ मध्ये मर्सिडीज एस ४०० ही आलिशान मोटार आणि दक्षिण कोरियातील ह्युंदाई अवांते यांच्या हायब्रिड आवृत्त्यांत लिथियम बॅटरी आली. २०११ मधील टोयोटा प्रियस अल्फाचे उदाहरण अधिक बोलके आहे. तिच्या पाच आसनी आवृत्तीत निकेल बॅटरी मागील बाजूस होती. सात आसनी आवृत्तीत तिसऱ्या रांगेसाठी ती जागा मोकळी करणे आवश्यक झाले. म्हणून लहान आकाराची लिथियम बॅटरी पुढील दोन आसनांच्या मध्ये बसविण्यात आली. १.२ व्होल्टचे १६८ निकेल घट जो २०१.६ व्होल्ट दाब देत, तोच ३.६ व्होल्टच्या ५६ लिथियम घटांनी साध्य झाला. येथे निवड ठरली ती कुटुंबाच्या आसनसंख्येवरून.

निष्कर्ष

यानंतरही निकेल बॅटरी लोप पावली नाही. २०१५ च्या चौथ्या पिढीतील प्रियसमध्ये आवृत्तीनुसार दोन्ही प्रकार होते. भारतात २०२२ मध्ये टोयोटाने अर्बन क्रूझर हायरायडरच्या हायब्रिड आवृत्तीत लिथियम, तर त्याच वर्षीच्या इनोव्हा हायक्रॉसमध्ये निकेल बॅटरी वापरली. तात्पर्य, शोधाची तारीख आणि स्वीकाराची तारीख यांतील अंतर हे केवळ मागासलेपणाचे लक्षण नव्हे. सुरक्षितता, टिकाऊपणा, जागा व गरज यांचा मेळ बसेपर्यंतचा तो काळ असतो. तंत्रज्ञानाचा इतिहास शिकविताना या मधल्या काळासही शोधाइतकेच महत्त्व द्यावयास हवे.