खळ्यावर चालतो, गल्ल्यावर चालत नाही

किराणा दुकानाला तीन गोष्टी लागतात : उधारी मिळेल एवढी पत, कोरडी जागा आणि गिऱ्हाईक. ठोक व्यापारी ओळखीशिवाय माल सोडत नाही. माल आला की पोते काट्यावर चढते, मूठभर दाणे तळहातावर घेऊन कीड-ओल पाहिली जाते. पोती जमिनीवर टेकवायची नाहीत, फळ्यांवर रचायची, भिंतीपासून थोडी लांब. जुना माल पुढे, नवा मागे. पावसाळ्यात एक भिंत पाझरली तर डाळीचे पोते गेलेच समजा.

या तिन्ही गोष्टी आपल्या आजोबा-पणजोबांना का मिळाल्या नाहीत, हा आमचा सवाल आहे. 'तुमच्यात धंद्याची वृत्तीच नाही' असे सांगणाऱ्यांनी तो ऐकावा.

गावगाड्यात खळ्यावरची रास राखायचे काम महाराचे. तो रात्रभर धान्याजवळ जागायचा, तेव्हा दाणा बाटत नव्हता. तेच धान्य वाण्याच्या दुकानात गेले की राखणदार पायरीखाली उभा! पैसे लांबून ठेवायचे, पुडी वरून पडायची. दाणा तोच, माणूस तोच. म्हणजे विटाळ धान्याला नव्हता, गल्ल्याला होता.

आणि मजुरी? ती बलुत्यात, म्हणजे पुन्हा धान्यातच, तीही गावाच्या मर्जीवर. रोकड हातात नाही तर पत कुठून येणार? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले. बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा ही त्यातली मागणी होती. तिच्याकडे आपण फक्त स्वाभिमानाचा प्रश्न म्हणून पाहतो; ती बाजारात उतरण्याचीही मागणी होती.

समजा पत मिळाली, जागाही मिळाली. गिऱ्हाईक? १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी नेमके यावर बोट ठेवले : अस्पृश्याला व्यापारात गिऱ्हाईकच मिळत नाही. दाखला दिला तो कलिंगडे विकली म्हणून पोलिसांच्या कचाट्यात सापडलेल्या महार बाईचा. जाड सालीचे फळ, आतल्या गराला तिचा हात लागणेही शक्य नाही. तरी पोलीस आडवे आले!

कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले तेव्हाही हेच झाले. संस्थानच्या पागेत नोकरीला असताना पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली होती, आणि शाहू महाराजांनीच त्यांना स्वतंत्र धंद्यासाठी मदत केली. दूध होते, साखर होती, चूल पेटलेली होती; सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. शेवटी खुद्द महाराज गाडी थांबवून तिथे चहा घेऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. एक कप चहा खपवायला छत्रपतींना दारात यावे लागले. बाकी गावोगावच्या दुकानांच्या दारात कोण येणार होते?