थायरॉइड नेत्रविकार : रुग्णांचे जीवनमान (विशेष संदर्भ – वाशिम जिल्हा)

थायरॉइड नेत्रविकार : अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या विकाराशी निगडित, डोळ्यांच्या खोबणीतील स्वयंप्रतिकारक आजार. शरीराची प्रतिकारयंत्रणा खोबणीतील स्नायू व चरबी यांवर उलटते. ते सुजतात आणि नेत्रगोल पुढे ढकलला जातो. बहुधा ग्रेव्ह्ज रोगाबरोबर (ग्रंथीचे स्वयंप्रतिकारक अतिकार्य) आढळतो. क्वचित ग्रंथीचे काम मंदावलेले किंवा सुरळीत असतानाही होतो. स्त्रियांत प्रमाण अधिक. तीव्र स्वरूप पुरुषांत व उतारवयात जास्त.

इतिहास : डब्लिनचे रॉबर्ट ग्रेव्ह्ज (१८३५) व जर्मनीतील मेर्सेबुर्गचे कार्ल फॉन बासेडो (१८४०) यांनी ग्रेव्ह्ज रोगाचे वर्णन केले. गळ्याची गाठ, छातीतील धडधड व बाहेर आलेले डोळे या तीन लक्षणांना ‘मेर्सेबुर्ग त्रयी’ म्हणतात. आयोडीनच्या कमतरतेने होणारा गलगंड वेगळा. भारतात त्यासाठी १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यातील आयोडीनयुक्त मिठाने प्रस्तुत नेत्रविकार टळत नाही.

लक्षणे व दैनंदिन जीवन : डोळ्यांत खडे गेल्यासारखे वाटणे, पाणी येणे, उजेड सहन न होणे, पापण्या पूर्ण न मिटल्यामुळे झोपेतही डोळे उघडे राहणे. स्नायू आखडले की एकाच्या दोन प्रतिमा दिसतात. एक डोळा झाकला की दुसरी प्रतिमा नाहीशी होते. म्हणून एकेका डोळ्याने तक्ता वाचून घेणाऱ्या नेहमीच्या तपासणीत हा दोष उघड होत नाही. सुमारे ५ टक्के रुग्णांत दृष्टितंतूवर दाब येतो. रंग फिके दिसू लागणे ही त्याची खूण असून उपचार तातडीने करावे लागतात.

चेहऱ्यातील बदल हा आजाराचा दुसरा भाग. मराठीत डोळे वटारणे म्हणजे रागावणे. या रुग्णाचे डोळे राग नसताना वटारलेले दिसतात. समोरचा बिचकतो, लहान मूल जवळ येत नाही, ओळखीचे ‘काय झालं?’ म्हणून थांबवतात. रुग्ण काळा चष्मा लावतो, पदर पुढे ओढतो, फोटोत मागे सरतो. लग्नाळू मुलीच्या घरी स्थळ येताना हाच विषय आधी निघतो. सक्रिय काळ साधारण ६ महिने ते २ वर्षे चालतो. पुढे सूज ओसरते. डोळे मात्र पूर्ववत होतीलच असे नाही.

जीवनमानाचे मोजमाप : सी. बी. तेरवे व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये नेदरलँड्समध्ये या आजारासाठी स्वतंत्र प्रश्नावली प्रसिद्ध केली. एकूण १६ प्रश्न : ८ दृष्टीने होणाऱ्या कामांविषयी, ८ दिसण्याविषयी. दोन्ही गटांचे गुण वेगळे, ० ते १००. गुण जास्त तितके जीवनमान चांगले. उपचारानंतर ६ गुणांची वाढ (मोठ्या शस्त्रक्रियेनंतर १०) रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण मानतात. डोळे किती मिलिमीटर पुढे आले यावरून हे गुण सांगता येत नाहीत. थोडा फरक झालेला रुग्णही घराबाहेर पडेनासा होऊ शकतो. पहिल्या गटात सायकल, मोटार, वाचन, दूरचित्रवाणी यांविषयी विचारले आहे. सुईत दोरा ओवणे, धान्य निवडणे, विळ्याने सोयाबीन कापणे ही कामे त्यात नाहीत.

उपचार : सौम्य आजारात कृत्रिम अश्रू, रात्री मलम, उशाकडची बाजू उंच ठेवणे, ६ महिने सेलेनियम. दुहेरी प्रतिमांसाठी प्रिझमची भिंगे. सक्रिय, मध्यम ते तीव्र आजारात शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) : आठवड्यातून एकदा, ६ आठवडे ५०० मिग्रॅ., नंतर ६ आठवडे २५० मिग्रॅ.; एकूण ४.५ ग्रॅम. टेप्रोटुमुमॅब या औषधाला अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये मान्यता मिळाली. शस्त्रक्रियांचा क्रम ठरलेला : आधी खोबणी, मग तिरळेपणा, शेवटी पापण्या.

ग्रंथीच्या अतिकार्यावर किरणोत्सारी आयोडीन (आयोडीन-१३१, अर्धायुष्य ८ दिवस) देतात. मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण वैद्यक केंद्र १९६३ पासून या क्षेत्रात काम करते. या उपचाराने काही रुग्णांत, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत, नेत्रविकार बळावतो. म्हणून जोखमीच्या रुग्णांना सोबत स्टेरॉइड देतात. सौम्य नेत्रविकारात स्टेरॉइड सर्वांना द्यावे का, याबाबत एकमत नाही.

प्रतिबंध : विडी-सिगारेट बंद करणे.

वाशिम जिल्हा : १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. तालुके ६ : वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. लोकसंख्या ११,९७,१६० (२०११). मुख्य पिके सोयाबीन व तूर. पापणी न मिटणाऱ्या डोळ्याला विदर्भातला उन्हाळा व मळणीयंत्राची धूळ सोसत नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम (१९७६) प्रामुख्याने मोतीबिंदूभोवती उभा राहिला. नेत्रतपासणी शिबिरातही तक्ताच पुढे असतो. वर सांगितलेल्या मिथाइलप्रेडनिसोलोनच्या १२ सलाइनसाठी रुग्णाला तितक्याच खेपा कराव्या लागतात, सोबत साखर व यकृताच्या तपासण्या. परिसरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांपैकी अकोल्याचे २००२ चे; वाशिमच्या महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले.

कायदेशीर स्थिती : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. अल्पदृष्टी त्यात चांगल्या डोळ्याची नजर किंवा दृष्टिक्षेत्र यांवरून ठरते. एकेका डोळ्याने तक्त्याची शेवटची ओळ वाचणारा, पण दोन्ही डोळे उघडताच एका रस्त्याचे दोन पाहणारा रुग्ण या व्याख्येत बसत नाही.