पासवर्ड-हॅशची सुसंगतता

डेटाबेसमध्ये साठवलेला पासवर्डचा हॅश वेब सर्व्हरला थेट पडताळता यावा, यासाठी दोहोंनी पाळायचा समान नमुना. हॅशवरून मूळ पासवर्ड उलगडता येत नाही. म्हणून टाइप केलेल्या पासवर्डचा हॅश सर्व्हर नव्याने काढतो आणि साठवलेल्याशी ताडून पाहतो. अल्गोरिदम, सॉल्ट (प्रत्येक पासवर्डमागची यादृच्छिक भर), आवर्तनांची संख्या किंवा लेखनपद्धती यांत फरक पडला, तर पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश नाकारला जातो.

मायएसक्यूएल व अपाची ही जोडी याचे ठळक उदाहरण होय. अपाचीचे ‘मॉड-ऑथएन-डीबीडी’ हे मॉड्यूल क्वेरी चालवून डेटाबेसमधून हॅश मागवते. तो अपाचीच्या एचटीपासवर्ड या साधनाने बनणाऱ्या नमुन्यांपैकी असावा लागतो. मायएसक्यूएलचे एसएचए-१ फंक्शन २० बाइटांचा हॅश ४० षोडशमान अंकांत देते. अपाचीला तेच २० बाइट बेस-६४ पद्धतीने, म्हणजे २८ चिन्हांत हवे असतात. त्यांच्या आधी महिरपी कंसात ‘एसएचए’ ही अक्षरे लागतात. येथे फरक फक्त लेखनाचा आहे. षोडशमान अंकांचे बाइट करायचे, त्यांचे बेस-६४ करायचे आणि त्याआधी ती अक्षरे जोडायची, एवढ्याने जुन्या नोंदी चालू लागतात. वापरकर्त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

एमडी५ची गोष्ट वेगळी. मायएसक्यूएलचे एमडी५ फंक्शन सॉल्टविना एकदाच चालते, तर अपाचीचा ‘एपीआर१’ नमुना सॉल्ट घेऊन १,००० आवर्तने करतो. येथे अल्गोरिदमच निराळा असल्याने एका हॅशचा दुसरा करता येत नाही. अशा वेळी मधल्या काळात अनुप्रयोग जुन्या पद्धतीने पडताळणी करतो. वापरकर्त्याने लॉग-इन करताच, पासवर्ड हाती असतानाच, नवा हॅश काढून जुन्याच्या जागी ठेवला जातो. जे फिरकतच नाहीत, त्यांना पासवर्ड बदलायला सांगावे लागते.

नील्स प्रोव्होस व डेव्हिड माझिएर यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या बीक्रिप्टमध्ये आवृत्ती, खर्चांक (आवर्तनांची संख्या ठरवणारा आकडा) आणि सॉल्ट हे सारे हॅशच्या ६० चिन्हांतच लिहिलेले असते. त्यामुळे पडताळणाऱ्या सर्व्हरला वेगळी माहिती पुरवावी लागत नाही. अपाची २.४ मालिकेत, पीएचपीत आणि पोस्टग्रेएसक्यूएलच्या ‘पीजीक्रिप्टो’ विस्तारात त्याची सोय आहे. मात्र एसएचए-१साठी ठेवलेल्या ४० चिन्हांच्या रकान्यात हा हॅश मावत नाही. रकाना आधी वाढवावा लागतो. शिवाय बहुतेक अंमलबजावणींत पासवर्डचे पहिले ७२ बाइटच विचारात घेतले जातात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा व हलन्तासह, ३ बाइट घेते. म्हणजे देवनागरी पासवर्डची पहिली २४ चिन्हेच उपयोगी पडतात.

सुसंगत नमुना सुरक्षित असतोच असे नाही. अपाची एसएचए-१चा हॅश स्वीकारत असला, तरी त्यात सॉल्ट नसतो आणि तो झटपट काढता येत असल्याने अंदाजाने पासवर्ड शोधणाऱ्याचे फावते. वरील नमुन्यांपैकी नव्या प्रणालीसाठी बीक्रिप्ट योग्य ठरतो.