शाश्वत विकास शिक्षणाची प्रादेशिक केंद्रे
संयुक्त राष्ट्रांनी २००५–१४ हे शाश्वत विकास शिक्षणाचे दशक म्हणून घोषित केले. त्यासाठी टोकिओ येथील संयुक्त राष्ट्र विद्यापीठाने प्रादेशिक केंद्रांची कल्पना मांडली. केंद्र म्हणजे येथे इमारत नव्हे. एखाद्या प्रदेशातील विद्यापीठे, शाळा, नगरपालिका व स्वयंसेवी संस्था यांचे ते जाळे होय. मान्यतेबरोबर निधी मिळत नाही. म्हणून स्थानिक पाया भक्कम नसेल, तर केंद्र नावापुरतेच उरते. २००५ मध्ये मान्यता लाभलेल्या पहिल्या सात केंद्रांत पेनांग, बार्सेलोना, टोराँटो इत्यादींबरोबर जपानमधील ओकायामा हेही होते. तेथे ‘कोमिन्‌कान’ या वस्तीवस्तीतील लोकशिक्षणगृहांचा आधार घेण्यात आला. १९४९ च्या सामाजिक शिक्षण कायद्याने स्थिरावलेल्या या जुन्या गृहांमुळे क्योयामा भागात मुले व प्रौढ एकत्रपणे जलप्रवाहांची पाहणी करू लागले. २०१४ मध्ये केंद्रांची जागतिक परिषद ओकायामातच भरली.