दोन ठोक्यांमधले अंतर

आईच्या पोटाला कान लावून गर्भाचे ठोके ऐकता येतात, हे जिनिव्हाच्या मायोर यांनी १८१८ साली नोंदवले. तेव्हा प्रश्न एवढाच होता, बाळ जिवंत आहे का? वाढ खुंटलेल्या गर्भाचा प्रश्न याहून अवघड. वार नीट पोसत नाही, प्राणवायू अपुरा पडतो; मग बाळाला आत आणखी किती दिवस राहू द्यायचे? अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाहेर काढावे तर फुप्फुसे कच्ची, ठेवावे तर आत दगावण्याची भीती. या विषयात येणाऱ्या नव्या अभ्यासकांचे स्वागत. त्यांनी आधी ही कोंडी समजून घ्यावी, यंत्रे मग.

मिनिटाला ११० ते १६० ठोके, हे सगळ्यांना पाठ असते. त्यावर विसंबू नये. ठोके १४० असूनही बाळ संकटात असू शकते. खरी बातमी असते ती दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या बारीक चढउतारांत. प्राणवायू घटत गेला की हे चढउतार मावळतात. पण झोपलेल्या निरोगी बाळाचा आलेखही सपाटच दिसतो, आणि एकच आलेखपट्टी दोन अनुभवी डॉक्टर दोन तऱ्हांनी वाचतात! म्हणून ऑक्सफर्डच्या डॉज आणि रेडमन यांनी हे काम संगणकाला दिले. तो मिनिटाचे सोळा तुकडे करतो आणि लगतच्या तुकड्यांतला फरक मिलिसेकंदांत मोजतो.

थांबावे किती, यावर युरोपातल्या पाच देशांत 'ट्रफल' चाचणी झाली. गर्भ २६ ते ३२ आठवड्यांचे. २०१५च्या निष्कर्षांनुसार, डक्टस व्हेनोसस या गर्भशिरेतला, डॉप्लर तपासणीत दिसणारा प्रवाह पुरता बिघडेपर्यंत थांबलेल्या गटात वाचलेल्या मुलांपैकी ९५ टक्के दोन वर्षांची होईतो मज्जाविकारापासून मुक्त होती. ठोक्यांचे चढउतार घटताच प्रसूती केलेल्या गटात ८५ टक्के. मात्र हे थांबणे बेफिकिरीचे नव्हते. चढउतार २.६ मिलिसेकंदांखाली (२९ आठवडे पूर्ण झाल्यावर ३ खाली) गेले की डॉप्लर काहीही सांगो, प्रसूती ठरलेली. माझ्या मते या चाचणीचा हा भाग सर्वांत कमी वाचला जातो.

आणखी एक खाचखळगा: फुप्फुसांसाठी आईला दिलेल्या बीटामेथासोनमुळेही हे चढउतार दोनतीन दिवस घटतात.

आपल्याकडे बहुतेक प्रसूतिगृहांत पट्टी डोळ्यांनीच वाचली जाते. तिथे २.६चा आकडा लावू नका. डोळा मिलिसेकंद मोजत नाही.